कोपऱ्यातलं ‘थेट’

“कोपऱ्यात ‘थेट’ लिहिलंय म्हणून फसू नकोस गं,” झागोर्कामावशी म्हणाली. “तुम्ही मला बघता ना, तेव्हा मी कधीच घरी आलेली असते.”

माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, कॉफी उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर नजर ठेवत ती हे बोलली. मी मांडीवरच्या इस्क्राच्या कपाळाला ओठ लावून ताप आहे का ते बघत होते. मी नुसतं हं म्हटलं. पोरगी दहा महिन्यांची, त्या आठवड्यात दुसऱ्यांदा नाक वाहत होतं. टीव्ही खोटा असतो ही काही मला नवी बातमी नव्हती. शिवाय टीव्हीतलं मला कोणी शिकवावं, असं मला तरी वाटत नसे.

मी पाचव्या मजल्यावर, मावशी बरोबर माझ्या खाली चौथ्यावर. मोज्यांच्या कारखान्यात तिचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला, नवरा वारला, मुलगी बिल्याना लग्न करून व्हिएन्नाला गेली. मग कोणीतरी सुचवलं आणि मावशी ‘गोड रविवार’ या कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून बसायला जाऊ लागली. बाजारासमोरून बस न्यायची. थोडे दिनार मिळायचे, एक सँडविच मिळायचं. त्यातलं अर्धं कागदी रुमालात गुंडाळून ती माझ्यासाठी आणायची. काम म्हणजे टाळ्या वाजवायच्या, हसायचं, गाण्यावर डोलायचं, कोणी नट आईची आठवण काढून गहिवरला की डोळे पुसायचे. “रडायचं असेल तर आधी पर्स उघडायची,” ती सांगायची. “रुमाल बाहेर येईपर्यंत कॅमेरावाला पोचतोच.”

कोण पाहुणा येऊन गेला, हे मात्र ती प्रक्षेपणाच्या आधी कधी सांगत नसे. तसं लिहून दिलं होतं आणि ते ती पाळायची. मी खूप खोदून विचारायचे. ती ओठ मिटून कॉफी ढवळत बसायची.

कार्यक्रम लागून गेला की मग आम्ही दोघी सुटायचो. तियाना नावाची गायिका त्या वर्षी सगळीकडे होती. माइक तोंडापासून हातभर लांब गेला तरी तिचा आवाज तेवढाच यायचा, हे मी पकडलं. मावशी म्हणाली, गळा सोड, ते ओठ बघ. आता त्यांना वेगळं भाडं भरावं लागणार. गाण्यांच्या स्पर्धेतले परीक्षक, कुठल्याशा समारंभाला एकटी आलेली नटी, घटस्फोटानंतर दाढी वाढवलेला बातमीदार, आमच्या तावडीतून कोणी सुटत नसे. मी कॉलेजात साहित्य शिकले, पण बाळंतपणानंतर डोळ्यांना दुसरंच वळण लागलं. मालिकेत नायिका डाव्या हातात कप घेऊन वळते आणि समोरून दाखवतात तेव्हा कप उजव्या हातात असतो, ते मला दिसतं. कानातलं बदललेलं दिसतं. नवरा म्हणतो, तुला गोष्ट दिसतच नाही, कानातलं तेवढं दिसतं.

जूनमध्ये एका गुरुवारी मावशी केसांचा रंग घेऊन माझ्याकडे आली. प्रेक्षकांना बसवणाऱ्या बाईने तिला सांगितलं होतं की तपकिरी केस मागच्या पडद्यात विरून जातात, आता दुसऱ्या रांगेत जागा देता येणार नाही. मावशीने वांग्याच्या सालीचा रंग निवडला होता. आमच्याकडे साठीनंतर निम्म्या बायका त्याच रंगाला येतात, पण मावशी इतकी वर्षं टिकली होती. माझ्या न्हाणीघरात मी तो लावून दिला. धुऊन, वाळवून ती बाहेर आली आणि इस्क्रा तिच्याकडे बघून भोकाड पसरून रडायला लागली.

“बरोबर रडली,” मावशी आरशात बघत म्हणाली. “मीही रडणार होते, हिने नंबर लावला.”

त्या रविवारी फार उकडत होतं. कधी नव्हे ते लोकांनी आरपार वाऱ्याच्या झोताने माणूस आजारी पडतो ही भीती सोडून समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीतून ‘गोड रविवार’ ऐकू येत होता, कारण पाहुणा तसाच होता. ज्या तुर्की मालिकेसाठी आमची अख्खी इमारत संध्याकाळी भांडी घासून तयार बसायची, तिचा नायक आला होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘थेट’. माझं मत विचाराल तर माणूस मालिकेत वाटतो त्याहून बुटका आहे, पण बसतो छान. दुभाषी बाई अर्ध्या वाक्याने मागे असायची. त्यामुळे तो विनोद करायचा तेव्हा शांतता, दुभाषी बोलली की लोक हसायचे, आणि ते हसतात म्हणून सभ्यपणे तो पुन्हा हसायचा. त्याच्या खांद्यामागे दुसऱ्या रांगेत मावशी होती.

तेवढ्यात व्हिएन्नाहून बिल्यानाचा फोन आला. आई कालपासून फोन उचलत नव्हती म्हणे, हिचा जीव टांगणीला लागला होता. “आता कळलं, बाईसाहेब स्टुडिओत बसल्यात,” ती हसत म्हणाली. “बघतेयस ना गं नेवेना? एवढा देखणा माणूस पुढ्यात असल्यावर लेकीचा फोन कोण उचलतंय.” मीही हसले. फोन ठेवला.

मग नायक उत्तर द्यायला बाजूला वळला आणि मावशीचा चेहरा पूर्ण दिसला. नीट भांग पाडलेले तपकिरी केस.

सवयीने माझ्या मनात आलं, ही चूक झाली यांची. आधीच्या प्रसंगात केस वांगी होते, आता तपकिरी. चूक पकडल्याचा नेहमीचा बारीकसा आनंदही झाला. मग तो ओसरला, आणि मी इस्क्राला कडेवर घेऊन जिना उतरले.

चौथ्या मजल्यावर घंटा वाजवली. आत ती वाजलेली ऐकू आली. बाकी काही नाही. मावशीची जादा किल्ली तळमजल्यावर मिलोयेंकडे असायची. ते आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. ते बनियनवर बसून तोच कार्यक्रम बघत होते. मी म्हटलं, झागोर्कामावशी दार उघडत नाहीये, किल्ली द्या.

“कशी उघडेल?” त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “ती काय, टाळ्या वाजवतेय.”

मी म्हटलं, हे आधी काढून ठेवलेलं आहे. त्यांनी मला कोपरा दाखवला. थेट म्हणजे थेट. लिहिलंय ते सरकारमान्य वाहिनीने, उगाच लिहितील का? गेल्या वर्षी असंच कोणाचं तरी दार उघडायला लावलं होतं आणि आत माणूस टबमध्ये गाणं म्हणत होता, त्याची बोलणी अजून ते खात होते. मी केसांचं सांगितलं. ते म्हणाले, बायका केस रंगवतात, परत रंगवतात, त्यात आम्ही काय पडावं. इस्क्रा माझ्या गळ्यातली साखळी ओढत होती. टीव्हीवर मावशीने पर्स उघडली.

सोफ्यावरून त्यांची बायको पेर्सा बोलली, आवाज न चढवता. “मिलोये, मी तिला शुक्रवारी भाजीबाजारात बघितलंय. डोकं वांग्यासारखं होतं. ऊठ.”

ते उठले. एकट्या बाईच्या घरात शिरायचं म्हणून आधी सदरा घातला, वरपर्यंत बटणं लावली, मग किल्ली घेतली.

मावशी न्हाणीघर आणि खोली यांच्या मधल्या बोळात आडवी होती. शनिवारी सकाळपासून. खुबा मोडला होता. फोन आत टेबलावर होता आणि तो वाजताना तिने ऐकला होता. ओठांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. पेर्सा ओल्या फडक्याने ते भिजवत राहिली, मिलोये जिन्यात जाऊन रुग्णवाहिकेशी बोलत होते. मी पोरीला घट्ट धरून भिंतीला टेकून उभी होते.

मावशीचा घसा पार गेला होता. पुटपुटली ते ऐकायला मला खाली बसावं लागलं.

“काल ओरडले. कोणी नव्हतं बहुतेक,” ती म्हणाली. “आजही ओरडले. वरून तुझा टीव्ही ऐकू येत होता. पण टाळ्या फार होत्या.”

रुग्णवाहिकेतले लोक तिला उचलताना पेर्सा तिच्या डोक्याला रुमाल बांधायला गेली. मावशीने मान हलवली. राहू दे म्हणाली, रंगाला अजून आठवडा झाला नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. बिल्याना आली, पंधरवडा राहिली, रोज रडली. व्हिएन्नातलं तिचं घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. शेवटी मावशीला बेली ब्रेस्त गावच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. स्वच्छ आहे, अंगणात अक्रोडाची झाडं आहेत. उन्हाळ्यात वाहिनीने ‘गोड रविवार’चे जुने भाग पुन्हा लावले. लिफ्टमध्ये लोक मला सांगायचे, काल झागोर्का दिसली, तब्येत छान आहे हो तिची. सुरुवातीला मी समजावत असे. आता हो म्हणते.

मी दोनदा जाऊन आले. दोन बस बदलाव्या लागतात. दुसऱ्या खेपेनंतर इस्क्राचा कान फुटला, मग माझी नोकरी सुरू झाली. मी फोन करते. ती छान बोलते, कोणी काय घातलं होतं ते विचारते, मी सांगते, आणि ती नेमक्या जागी हसते. पण नेमक्या जागी हसायचं हेच तर तिचं काम होतं. फोनवरून मला काही कळत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर जरा डोकावून या. बसथांब्यासमोरची पिवळी इमारत, दारात झागोर्काचं नाव सांगा. तियाना सध्या कोणाबरोबर फिरते ते तिला सांगायला घ्या, ती रमेल. ती बोलत असेल तेव्हा हळूच पलंगाखाली बघा. बिल्यानाने तिला करड्या लोकरीच्या सपाता घेऊन दिल्या आहेत, आणि डॉक्टरांनी रोज चालवा म्हणून सांगितलंय. एक सपात उचला आणि तळ बघा. झिजला असेल तर काहीच करू नका, नुसतं बसा थोडा वेळ. कोरा असेल तर मला कळवा.