पेन्शन कशात धरायची?

फौजीणबाईंनी नवऱ्याला तीनदा बजावलं होतं, "हवा, गुडघे आणि चहा. यापलीकडे तोंड उघडायचं नाही."

सैन्यातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना फौजीच म्हणायची, आणि म्हणून बाई फौजीणबाई. बाईंची धास्ती उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी लेकीचं ठरलेलं लग्न याच खोलीत मोडलं होतं. होणारे व्याही रणगाड्यांच्या खर्चावर काहीतरी बोलले आणि फौजींनी उठून दार उघडून धरलं. झालं! लेक आठ महिने बापाशी बोलली नाही. आता कुठे तिला पुन्हा कोणी आवडलं, तर त्याचे वडील निघाले हेडमास्तर. नशीब म्हणतात ते हेच.

आज ते बोलणी करायला घरी आले होते. पहिली दहा मिनिटं गोडीगुलाबीत गेली. हवा झाली, गुडघे झाले. बाई चहा गाळायला आत वळल्या आणि तेवढ्यात घात झाला.

"शाळेचं छप्पर गळतंय हो," हेडमास्तर म्हणाले. "राज्य म्हणतं केंद्राकडे मागा, केंद्र म्हणतं राज्याकडे."

"केंद्राचं बरोबरच आहे!" फौजींचा आवाज चढला. "केंद्रानं सीमा राखावी. शाळा, दवाखाने, म्हाताऱ्यांना मदत, हे ज्या त्या राज्यानं बघावं. सगळ्यांचेच लाड करत बसलं तर तोफा कशातून घ्यायच्या?"

"आणि राज्य गरीब असलं तर?"

"हातपाय हलवावेत त्यानं!"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "बरं. तुमची पेन्शन कोण देतं?"

"केंद्र."

"मग ती संरक्षणात धरायची की कल्याणात?"

"ती मी कमावलीय!"

"कमावलीतच. पण आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या बाई चाळीस वर्षं राबल्या. त्यांनी काय कमी कमावलं? राज्य त्यांना जे देतं त्यात औषधंसुद्धा येत नाहीत."

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या बाईंना नवऱ्याच्या कानशिलावरची शीर उडताना दिसली. तीस वर्षांच्या संसारात त्या शिरेशी त्यांची चांगली ओळख झाली होती. फौजी ताडकन उठले. लेकीनं डोळे मिटून घेतले. गेलं, हेही गेलं, बाईंच्या मनात आलं.

पण फौजी बाहेरच्या दाराकडे गेलेच नाहीत. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि गटागटा पाणी प्यायले. बाई ट्रेसकट त्यांच्या मागे धावल्या.

"अहो, पोरीचा तरी विचार करा!"

"तोच करतोय." फौजी हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडे याला उत्तर नाही. माणूस खरं बोलतो, आणि न ओरडता बोलतो. पोर सुखात राहील त्या घरात."

बाहेरून हाक आली, "फौजी, माघार घेतलीत की काय? शिक्षणाचा मुद्दा राहिलाय अजून!"

"माघार? दम धरा, आलोच!" फौजींनी बायकोच्या हातातला ट्रे घेतला आणि ते बाहेर पळाले.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना झालं, डोळे भरून आले. तेवढ्यात लेक धावत आत आली, पांढरीफटक.

"आई, काय म्हणाले बाबा?"

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "अगं, तुझे बाबा हरले!"