सळई काय म्हणते?

मी एक जुनी सळई आहे. मित्रांनो, सळई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बांधकामावरचा गंजका ढीग उभा राहिला असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मी दिसते तशीच. उंची मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत, जाडी करंगळीएवढी आणि वर धरायला आडवी लाकडी मूठ. पण माझे काम वेगळे आहे. झाडाभोवतीच्या मातीत मला हळूहळू खुपसतात आणि जमिनीखाली मुळांचे कसे काय चालले आहे, ते मला विचारतात.

एका लोहाराने मला मोडक्या ट्रकच्या पोलादातून घडवले. माझ्या मालकाने टोक बोथट ठेवायला सांगितले, तेव्हा लोहार हातोडा थांबवून हसला.

"बोथट? मग हिचा उपयोग काय, पाठ खाजवायला?"

"मुळाला लागायला नको," मालक म्हणाला. "मला नुसतं विचारायचंय, भोसकायचं नाही."

माझ्या मालकाला सगळे झाडवाला म्हणत. वाळलेल्या फांद्या उतरवणे, कीड लागलेला भाग काढणे, बुंध्यावर चढलेली माती मोकळी करणे, हा त्याचा धंदा. तो वर चढे तेव्हा त्याची बायको खाली दोर धरून उभी राही. दोघांचे भांडण झाले असले तरी दोराची पकड ढिली होत नसे. एवढा एक अबोला त्यांनी कधी पाळला नाही.

वरचे काम आटोपले की तो मला घेऊन झाडाभोवती फिरे. धडधाकट मूळ लागले की मी थबकते आणि मुठीपर्यंत एक टणक, किंचित उसळता धक्का जातो. दगडाचा धक्का कोरडा असतो. तुडवून तुडवून घट्ट झालेल्या मातीत मी शिरतच नाही, आणि जिथे मी शिरत नाही तिथे हवा आणि पाणी तरी कसे शिरणार? मूळ कुजलेले असेल, तर मी भिजलेल्या पावात शिरावे तशी आत जाते. मात्र यातले मला काहीच कळत नाही, मित्रांनो. मी फक्त पोहोचवते. कळते ते हाताला.

तो मान तिरकी करून उभा असे आणि बायको दोर गुंडाळता गुंडाळता विचारी, "सळई काय म्हणते?"

"सळई म्हणते, बुंध्यावरची माती काढा, जीव गुदमरलाय."

"सळई म्हणते, हे सिमेंट फोडा. पायात घट्ट बूट घालून कुणी झोपतं का?"

लोक हसत, पण सांगितले तसे करत. माझे कौतुकही खूप झाले. एकदा एका शाळेच्या बाईंनी मला वर्गात नेऊन मुलांना दाखवले आणि मी दिवसभर टेबलावर पाहुण्यासारखी पडून राहिले. झाडाकडे बघताना लोक वर बघतात. पाने हिरवी म्हणजे झाड मजेत, असा सगळ्यांचा हिशेब असतो. पायाकडे बघायला फारशी कुणाला सवड नसते.

वर बसून तो चालवत असे ती करवत पेट्रोलवर चालणारी होती. तिची थरथर त्याच्या हातांत शिरे आणि संध्याकाळ झाली तरी उतरत नसे. पुढे ती थरथरही राहिली नाही आणि तिच्या जागी काहीच राहिले नाही. सकाळच्या गारठ्यात त्याची बोटे पांढरीफटक पडत. शर्टाची गुंडी लावताना तो आरशाकडे पाठ करून उभा राही. बायकोने विचारले, तर म्हणे, "थंडी आहे." उन्हाळ्यातही त्याने एकदा हेच उत्तर दिले.

मला हे सगळ्यांच्या आधी समजले. पूर्वी तो मला अलगद धरत असे, डॉक्टर नाडी बघताना मनगट धरतात तसा. आता तो मला आवळून धरू लागला. मी खालून धक्के पाठवत होते आणि ते मुठीपाशी येऊन विरत होते. मला फार वाईट वाटले असे इथे सांगायला हवे, म्हणजे गोष्ट शोभून दिसेल. पण पोलादाला तसे काही होत नाही. त्यालाही बहुधा काही होत नव्हते. तो बधिर झाला होता, आणि बधिर माणसाला आपण किती बधिर झालो आहोत तेही नीट कळत नाही.

बायकोला त्याने काही सांगितले नाही. झाडवाल्याचे हात गेले तर मागे नुसता वाला उरतो, असे त्याला वाटत असावे. तो साल बघून, पाने बघून अंदाजाने उत्तरे देऊ लागला. बरेचदा ती बरोबरही निघत.

"सळई काय म्हणते?"

"बरं चाललंय म्हणते."

मी तसे काही म्हटलेले नसे. माझ्या तोंडी तो आपलेच शब्द घालत होता.

अशातच एका गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मावशींचा निरोप आला. एका जुन्या, भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून त्यांचे पत्र्याचे दुकान होते. आत एक टेबल, एक जड इस्त्री, कपड्यांची गाठोडी आणि मावशी. मागच्या वर्षी नळाच्या पाइपासाठी दुकानामागे चर खणला होता. तो बुजवून वर बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले. तेव्हापासून झाड दुकानाकडे थोडे कलले आहे असे मावशींना वाटत होते. शेजारी म्हणत, झाड नाही, तुमचा चष्मा कललाय.

"बाबा, एकदाच काय ते सांग," मावशी म्हणाल्या. "उभं राहणार असेल तर मी राहते. नाहीतर आजच टेबल उचलते. दिवसभर मी याच्याच खाली असते रे."

त्याने चराच्या बाजूला सिमेंटची एक फट शोधली आणि मला आत घातले. थोडी माती लागली, मग मूळ. मी थबकले नाही. मी त्या मुळात शिरले आणि शिरतच गेले. त्याने मूठ आवळली आणि मान तिरकी केली, अगदी पूर्वीसारखी.

"सळई काय म्हणते?" बायकोने विचारले.

त्याने वर पाहिले. पाने हिरवीगार होती.

"ठणठणीत म्हणते."

मावशींचा चेहरा खुलला. "बस, चहा टाकते," म्हणत त्या वळल्या. दुकानात जागा ती केवढी! वाट करून द्यायला तो सरकला आणि तोल सावरायला त्याने टेबलावर हात टेकला. हात टेकला तो तापलेल्या इस्त्रीवर.

तो तसाच उभा राहिला. "साखर कमी घाला," एवढेही बोलून झाले. आधी वास आला. मावशी किंचाळल्या आणि बायकोने धावत येऊन त्याचा हात ओढून काढला. तळव्याकडे तो असा बघत होता, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

बायकोने हात पाण्याच्या बादलीत बुडवून धरला.

"कधीपासून?" तिने विचारले.

"बरेच दिवस."

"आणि मघाशी? सळई काय म्हणाली?"

तो हात बादलीतून काढू लागला, तिने तो पुन्हा बुडवला.

"अहो, या मावशी इथे उभ्या असतात. खरं सांगा, काय म्हणाली?"

"मला ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "मला आता काहीच ऐकू येत नाही."

मला तिने तोवर कधी मातीत घातले नव्हते. त्या दिवशी तिने मला उचलले आणि त्याच फटीत उतरवले. वर्षानुवर्षे दोर धरलेले हात होते ते. मी आत शिरले आणि माझ्या मुठीवरची तिची बोटे थांबली. तिने मला बाहेर काढले, पुन्हा घातले, मग वीतभर बाजूला घातले. सगळीकडे तेच.

"मावशी," ती म्हणाली, "टेबल उचलू या. आत्ताच."

टेबल तिघांनी उचलले. भाजलेल्या हाताला फडके गुंडाळून तोही एका कोपऱ्याला लागला. पुढे दुसरे झाडवाले येऊन ते झाड तुकड्यातुकड्यांनी उतरवून गेले. शेवटी बुंधा दोराने ओढला, तर चराच्या बाजूने एकाही मुळाने धरून ठेवले नाही. मावशी ते बघत उभ्या होत्या. "चष्मा बरा आहे माझा," एवढेच त्या म्हणाल्या. आता त्या पुढच्या कोपऱ्यावर छत्री लावून इस्त्री करतात. सावली नाही म्हणून रोज कुरकुर करतात. आता कुरकुर करायला त्या आहेत.

डॉक्टरांनी त्याची करवत बंद केली. जखम भरली, बोटांना पुन्हा काही कळू लागेल की नाही ते ठाऊक नाही. त्या काळात मी दारामागे उभी होते आणि माझ्या मुठीवर ओला टॉवेल वाळत असे. तेव्हाही मला काही वाटले नाही. मग एका सकाळी तिने टॉवेल काढला आणि मला खांद्यावर टाकले.

आता मातीत मला ती घालते. दोर त्याला धरवत नाही, म्हणून तो नुसता शेजारी उभा राहतो आणि विचारतो, "सळई काय म्हणते?" ती सांगते. कधीकधी ती माझी मूठ त्याच्या हातात देते. तो डोळे मिटून बराच वेळ उभा राहतो.

"काही नाही," तो म्हणतो. "मला काही कळत नाही."

"बरं," म्हणून ती मूठ पुन्हा आपल्या हातात घेते.

मित्रांनो, माझे टोक आता झिजले आहे, म्हणून मागायचे ते मागून घेते. झाडाच्या बुंध्याशी मातीचा ढीग करू नका, सिमेंटने त्याचे पाय बांधू नका. वर हिरवे दिसले तरी एकदा खाली वाकून बघा. आणि तुम्हालाच कधी आतून काही कळेनासे झाले, तर "बरं चाललंय" म्हणू नका. "काही कळत नाही" म्हणा. कुणीतरी दोर धरून खाली उभे असते, आणि त्याला ते ऐकायचे असते.