अंगणातल्या नऊ पाट्या

आमच्या ड्राय फोर्क गावात कोणाचं चुकलं तर त्याला तोंडावर बोलण्याची पद्धत नाही. लोक सभ्य आहेत. डॉक्टरच्या हातून रोगी दगावला, तर गाव त्याच्या घरी भाजलेला केक पाठवतं. पाद्रीबाबा प्रवचनात स्वतःच झोपले, तेव्हाही त्यांच्या वयाकडे पाहून सगळ्यांनी सोडून दिलं. अपवाद फक्त कॉलेजच्या फुटबॉल कोचचा. शनिवारी संघ हरला, की रविवारी चर्चला जाताना कोचच्या घरासमोरच्या हिरवळीवर एक पाटी दिसते: 'घर विकणे आहे'. ती कोण रोवतं हे कोणाला ठाऊक नसतं, पण दिसली नाही तर सगळ्यांना चुकल्यासारखं होतं.

कोच ड्यूई स्ट्रॉम माझे शेजारी. त्या वर्षी दहापैकी नऊ सामने झाले होते, संघ नऊही हरला होता आणि अंगणात नऊ पाट्या उभ्या होत्या. कोच त्या उपटत नसत. पानगळ सुरू झाली तसे ते पाट्यांच्या मधून, वाफ्यातल्या रोपांमधून माळी फिरतो तसे, दाताळ्यानं पानं ओढत फिरायचे.

सगळ्या पाट्यांवर एकाच माणसाचा हसरा फोटो होता. तो क्लाइड हॅवरकॅम्प, घरांचा दलाल. कॉलेजच्या क्रीडा समितीचा अध्यक्षही तोच. आपल्या गोदामातून पाट्या चोरीला जातात, अशी तक्रार तो दर सोमवारी करायचा. गोदामाला कुलूप लावावं, हे मात्र त्याला नऊ आठवड्यांत सुचलं नव्हतं.

कोचला ठेवायचं की काढायचं, हे ठरवणाऱ्या या समितीत तिघे होतो: क्लाइड, कॉलेजच्या प्रमुख डॉ. लॉरेटा ब्रिम आणि मी. मी कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल. समितीत एक जण पुस्तकांच्या बाजूचा असावा असा नियम आहे. इतरांकडे नकाराची कारणं तयार होती. मला वेळेवर एकही सुचलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. या काळातल्या इतिवृत्तांत माझ्या नावापुढे एकच शब्द सापडेल, 'अनुमोदन'. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून पळायचं असतं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याच्या अंगावर पडायचं असतं. यापलीकडे मला तो खेळ कळत नाही, आणि हे मी अकरा वर्षं कोणाला कळू दिलेलं नाही. निदान मला तसं वाटतं.

कोच मात्र मला कळत होते. ते पहिल्या वर्षाला भूगोलही शिकवायचे. पुस्तक नेलं की ठरल्या दिवशी आणून द्यायचे, आणि संघातल्या मुलांना रोज दोन तास ग्रंथालयात बसवायचे. सगळा संघ पास होत होता. हे एकदा समितीत निघालं, तेव्हा क्लाइड म्हणाला, "तेच तर दुखणं आहे. पोरांचं लक्ष पुस्तकात."

नववी पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझ्या दारात एक गाडी थांबली. कोलंबसहून आलेलं वयस्कर जोडपं होतं. ते गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते, नाव लुंडीन. त्यांना लहान गावात घर हवं होतं.

"शेजारच्या घराला नऊ पाट्या आहेत," ते म्हणाले. "एवढी घाई आहे का त्यांना?"

"घाई त्यांना नाही, गावाला आहे," हे खरं उत्तर होतं. ते मला संध्याकाळी सुचलं. त्या क्षणी मी विचार करत राहिलो, की दुसऱ्याच्या घराबद्दल आपण कसं बोलावं, आणि पाटीवर लिहिलेलं खोटं आहे असं सांगणं म्हणजे गावाची बदनामी तर नव्हे? शेवटी म्हणालो, "मालकीणबाई घरी आहेत. त्यांनाच विचारा."

ते दोघं आत गेले आणि दोन तासांनी बाहेर आले. मिसेस लुंडीनच्या हातात झाकलेली बशी होती. अर्लीन, म्हणजे कोचच्या पत्नी, परक्याला आपण भाजलेला ॲपल-पाय कधी दाखवायच्या नाहीत आणि आपल्या माणसाला कधी रिकाम्या हातानं सोडायच्या नाहीत. बशीवरून मला बरंच समजायला हवं होतं. पण मी त्या वेळी चार पानांचं निवेदन लिहीत बसलो होतो: ड्यूई स्ट्रॉम यांना का ठेवावं. शुक्रवारच्या बैठकीत ते वाचायचं, असं मी ठरवलं होतं.

मंगळवारी सकाळी मी पत्रं घ्यायला बाहेर आलो. कोच कुंपणाशी दाताळ्यावर हात टेकून उभे होते.

"मिस्टर पिकेट, एक विचारू?"

"विचारा ना."

"मी राहावं का इथे?"

मी गोंधळलो. समितीच्या सदस्यानं बैठकीआधी मत सांगावं की नाही, याबद्दल नियम काय म्हणतो ते आठवेना.

"याला दोन बाजू आहेत," मी म्हणालो. "एकीकडे तुमचं शिकवणं. दुसरीकडे, म्हणजे, नऊ सामने. शिवाय काळ हाही एक मुद्दा आहेच."

"काळ," कोच म्हणाले.

"हो. म्हणजे व्यापक अर्थानं."

ते मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुन्हा पानं ओढू लागले. घरात आल्यावर मला वाटलं, आपण अगदीच वाईट बोललो नाही.

शुक्रवारी चषकांच्या खोलीत समिती बसली. तिथला सर्वात नवा चषक माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा आहे.

क्लाइडनं सुरुवात केली. "हे बघा, माझा ड्यूईवर काडीचा राग नाही. देवमाणूस आहे. म्हणूनच त्याला जायला हवं. देवमाणसाला असं रोज हरताना बघवत नाही."

"रोज नाही, फक्त शनिवारी," डॉ. ब्रिम म्हणाल्या. त्यांना नेमकेपणाची आवड आहे.

"मग तुमचं मत काय, बाई? ठेवायचं?"

"मला दोन्ही बाजू पटतात. बहुमत जिकडे, तिकडे मी."

तिघांच्या समितीत एकाचं मत झालेलं, दुसऱ्या बहुमताची वाट पाहणाऱ्या. म्हणजे बहुमत मी होतो. दोघंही माझ्याकडे वळले. कोटाच्या आतल्या खिशात चार पानं होती. मी खिशात हात घातला. हाताला आधी रुमाल लागला, म्हणून मी नाक पुसलं.

"एमॉस, बोल की," क्लाइड म्हणाला. "कोचचा शेजारी तू. त्या पाट्या बघून तुलाच जास्त त्रास होत असेल."

"मला जरा वेळ हवा."

"किती?"

"सोमवारपर्यंत."

"म्हणजे उद्याची मॅच झाल्यावर." क्लाइड खूश झाला. "घे वेळ. उद्या बेथेल रिज आपल्याला धुऊन काढेल, मग तुला विचार करायचे कष्टच नाहीत."

बेथेल रिज म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. त्यांच्याशी शेवटचा सामना असतो आणि जिंकणाऱ्याला दुधाचा एक जुना लोखंडी कॅन मिळतो. चौदा वर्षं तो पलीकडेच होता. आमच्या गावात असं मानतात, की बाकीचं वर्ष वाया गेलं तरी चालेल, कॅन घरी आला पाहिजे. कोचनं मुलांना शिकवलं काय, वळण लावलं काय, हे सगळं कॅनच्या मापानं मोजलं जातं. कॅनला तळाशी भोक आहे.

शनिवारी मैदानाबाहेर गाड्यांच्या मागे सकाळपासून सॉसेज भाजत होते. माझ्याशी सगळे फारच गोड बोलत होते. माझं मत अडकलंय हे गावभर झालं होतं. न्हावी मला म्हणाला, "मिस्टर पिकेट, तुम्ही विचारी माणूस. ड्यूईला काढताना त्याच्या भावना दुखवू नका हं." त्याच्या टोपीवर 'ड्यूई हटाव' असं लिहिलेलं होतं.

सामना संपायला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ होता आणि बेथेल रिज दोन गुणांनी पुढे होतं. चेंडू त्यांच्याकडे होता. माझ्या शेजारच्या माणसानं सांगितलं, की आता त्यांनी चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला तरी सामना त्यांचा. पण तसं जिंकण्यात शोभा नव्हती. त्यांच्या मुलाला चौदा वर्षांच्या इतिहासात आपलीही एक ओळ हवी होती. तो पळाला, प्रेक्षकांकडे बघून एक हात वर केला आणि दुसऱ्या हातातला चेंडू सुटला. तो उसळून आमच्या सर्वात जाड मुलाच्या पोटावर आदळला. या मुलाचं काम समोरच्याला अडवून धरण्याचं. आयुष्यात त्यानं चेंडू हातात घेतला नव्हता. घेतल्यावर काय करायचं हे ठाऊक नसल्यामुळे तो घाबरून पळत सुटला आणि मैदान संपेपर्यंत थांबला नाही.

आम्ही जिंकलो.

लोकांनी रीतीप्रमाणे गोलचा खांब उपटला आणि नाचवत ओढ्यात नेऊन टाकला. न्हाव्यानं टोपी उलटी घातली. क्लाइडनं तिथल्या तिथे, सॉसेजच्या टपरीमागे, समिती बोलावली. बैठक चार मिनिटं चालली.

"मी सुरुवातीपासून सांगत होतो, या माणसाला वेळ द्या," तो म्हणाला. "नवा करार. पाच वर्षं."

"बहुमत जिकडे," डॉ. ब्रिम म्हणाल्या.

"एमॉस?"

मला त्या वेळी लुंडीन आठवले. त्यांच्याबद्दल काही सांगावं असं वाटलं. पण सगळे इतके आनंदात होते.

"अनुमोदन," मी म्हणालो.

कोच केव्हाच घरी गेले होते. बेथेल रिजच्या त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलताना मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं. मग सगळा गाव आनंदाची बातमी द्यायला त्यांच्या घराकडे निघाला. पुढे क्लाइड, त्याच्या डोक्यावर दुधाचा कॅन. अजून उजेड होता, म्हणून लांबूनच दिसलं: नऊपैकी आठ पाट्या गायब. एकच उरलेली, आणि तिच्यावर, क्लाइडच्या हसऱ्या फोटोवरून, तिरकी लाल पट्टी: 'विकले'.

लोक पोट धरून हसले. सर्वात जास्त क्लाइड. "बघा, ड्यूईला विनोद कळतो."

अर्लीन दार उघडून बाहेर आल्या. हाताला पीठ नव्हतं, अंगात कोट होता.

"अर्लीन, पाच वर्षं," क्लाइड ओरडला. "ठरलंसुद्धा. ती पाटी काढ आता."

"का बरं? तुमच्याच ऑफिसातून आणली ती पट्टी. तुमच्या मुलीनं पैसेसुद्धा घेतले नाहीत. चांगली आहे हो."

"म्हणजे?"

"घर विकलं. आज सकाळी दहाला सह्या झाल्या."

"अगं, ती गंमत होती. गावाची पद्धत आहे ती. खरंच विकायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच," अर्लीन म्हणाल्या. "नऊदा."

कोच त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. ते नेब्रास्काला, अर्लीनच्या बहिणीच्या गावी, शाळेत भूगोल शिकवायला जाणार होते. कोणीतरी विचारलं, तिथे फुटबॉल नाही का. "आहे," कोच म्हणाले, "पण तो दुसऱ्या एका माणसाच्या गळ्यात आहे." मग त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. क्लाइडनं कॅन पायरीवर ठेवला, पुन्हा उचलला, आणि हळूहळू गाव घरी गेला. आपल्याला दगा दिला गेलाय, असं बरेच जण वाटेत म्हणत होते.

मी कुंपणाशी उरलो. खिशातली चार पानं काढली आणि कोचच्या हातात दिली. हातात दिल्यावर वाटलं, आता हे किती हास्यास्पद दिसतंय. पण परत मागणं त्याहून वाईट दिसलं असतं.

ते उभ्या उभ्या चारही पानं वाचत होते. कोणी माझं लिहिलेलं एवढ्या सावकाश वाचलेलं मला आठवत नाही.

"फार चांगलं लिहिलंय, मिस्टर पिकेट. कधी लिहिलंत?"

"सोमवारी."

"मी मंगळवारी विचारलं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तारीख नीट लावून घ्यावी, तसं ते म्हणाले. मग पानांची घडी घालत त्यांनी विचारलं, "हे मी ठेवू?"

"ठेवा," मी म्हणालो. या एका प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं.

पाटी आपली, म्हणून विक्रीही आपली, असं म्हणत क्लाइडनं दलाली मागितली. अर्लीननी त्याला उरलेल्या आठ पाट्या परत पाठवल्या. लुंडीन राहायला आले आणि पहिल्याच शनिवारी कळलं, की ते बेथेल रिजचे जुने विद्यार्थी. आता मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या कॉलेजचा निळा झेंडा फडकतो आणि गावाला रोज त्याखालून जावं लागतं. कोणी काही बोलत नाही. लोक सभ्य आहेत.

पुढच्या शरदात नवा कोच आला. एका सकाळी लुंडीन कुंपणाशी आले आणि सहज म्हणाले, "मिस्टर पिकेट, तुम्ही समितीत आहात म्हणे. तुमचा हा नवा कोच..."

"त्यांनी राहावं," मी म्हणालो. "माझं स्पष्ट मत आहे. मी ते कुठेही सांगेन."

 नवा कोच तोवर चारपैकी चारही सामने जिंकला होता, आणि लुंडीनना फक्त त्याचं आडनाव कसं उच्चारायचं ते हवं होतं.