नावडतीची खोली

"राणीला घेऊन ये, सुट्टीभर राहू दे माझ्याकडे," असं तिचा बाबा फोनवर म्हणाला, तेव्हा मी पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? या माणसाच्या जिभेला हाड नाही, हे मला चांगलं ठाऊक. पण लेकीने शेजारून सगळं ऐकलं होतं आणि खेळणी पिशवीत कोंबायला सुरुवातही केली होती. मग कसली माघार घेते मी!

तो त्या जुन्या गावातल्या राजवाड्यात गाईड आहे. आम्हाला सोडून गेला तो तिथेच रमला, तिथेच दुसरा संसार थाटला. लेकीला मी एवढंच सांगितलं होतं की बाबा राजवाड्यात असतो. त्यात तो तिला फोनवर सारखा राणी म्हणायचा. पाच वर्षांच्या पोरीने दोन्ही जोडून टाकलं. राजवाडा आपला, राणी आपण. बसमध्ये शेजारच्या बाईंना तिने राहायला यायचं आमंत्रणसुद्धा दिलं.

दगडी चौकात तो लोकांच्या घोळक्यापुढे बोलत उभा होता. आम्हाला बघून चेहरा पडला. मग सावरून म्हणाला, "अरे वा, आलात? या, मागे उभ्या राहा." जशा काही आम्ही तिकीट काढून त्यालाच बघायला आलो होतो.

आवडत्या राणीच्या खोलीत आरसे होते, रंगवलेलं छत होतं, बागेकडे उघडणाऱ्या खिडक्या होत्या. सगळ्यांनी फोटो काढले. "आणि ती पलीकडची नावडतीची," तो हात झटकून म्हणाला. "तिकडे बघण्यासारखं काही नाही. पुढे चला!" लोक हसले. रोजचा विनोद असणार.

"आई, आपल्या गोष्टीतली नावडती?" लेकीने कानात विचारलं. झोपताना तिला तीच गोष्ट लागते.

चौकात परतल्यावर घोळका पांगला आणि तो मोठ्याने ओरडला, "राणी! ए राणी, ये इकडे!"

"ओ!" करून लेक पिशवीसकट धावत सुटली. तेवढ्यात तिकीटखिडकीच्या मागून एक तिच्याहून लहान पोरगी दुडुदुडु आली आणि त्याच्या कडेवर चढली. माझी लेक मध्येच थबकली. हात पुढे केलेले तसेच राहिले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हिलाही राणीच म्हणतोस?"

"सवय गं."

"आणि सुट्टीचं काय?"

"या वेळी नाही जमायचं. घरात अजून विषयच काढला नाही मी. तुला फोन करणारच होतो."

करणारच होतो! या माणसाचं अख्खं आयुष्य या 'णारच होतो'मध्ये गेलं. मी आणखी तोंड सोडणार होते, पण वळून बघते तर लेक जागेवर नाही.

ती नावडतीच्या खोलीत सापडली. पोपडे आलेल्या भिंती, वर एक झरोका, आणि खाली मांडी घालून बसलेली माझी पोर. पिशवी मांडीवर.

"चल बाळा, घरी जाऊ."

"दोन राण्या आहेत ना. ती आवडती. मग मी ही." अगदी शांतपणे म्हणाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तू कुणाचीही नावडती नाहीस. ऊठ."

"थोडं थांब ना आई. गोष्टीत शेवटी राजा नावडतीकडेच येतो."

तो शेवट मीच तिला रोज सांगत आले होते. आता कुठल्या तोंडाने खोटा म्हणू? मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

बाहेर पावलं वाजली. त्याचा आवाज आला, नव्या घोळक्याला घेऊन. लेक पटकन उभी राहिली. फ्रॉक झटकला, केस कानामागे सारले आणि दाराकडे बघत राहिली.

"आणि ही नावडतीची," तो बाहेरूनच म्हणाला. "इकडे बघण्यासारखं काही नाही. पुढे चला!"

लोक हसले आणि पुढे गेले.