वच्छलाबाईची भिंत

सन शहाऐंशीतल्या एका शनिवारी दुपारी जागेश्वर निमजे आपल्या सख्ख्या बापाला "इकडं पाहा ना, बाबा" असं दहादा तरी म्हणाला असेल, आणि दर वेळी बापानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

जागेश्वरचा नंदनवनात फोटो स्टुडिओ होता, आणि वर्षभरापासून तो लग्नांची व्हिडिओ शूटिंगही करायचा. त्या वेळी नागपुरात व्हिडिओचं काय वेड होतं म्हणून सांगू! नवरदेवाला घोडी नसली तरी चालेल, पण व्हिडिओवाला पाहिजेच. आणि व्हिडिओवाला म्हणजे खांद्यावर कॅमेरा आणि सोबत हजार वॉटचा हॅलोजन. तो हॅलोजन पेटला की अख्खा मांडव डोळे मिचकवायचा. त्या काळची कॅसेट कुणाच्या पेटीत असेल तर काढून पाहा, नवरीपासून भटजीपर्यंत सगळ्यांची तोंडं कच्चा आवळा चावल्यासारखी दिसतील.

बाप गुलाबचंद जातिवंत विणकर. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा, असं पन्नास वर्षं चाललेलं. दोन वर्षांमागं मोतीबिंदू काढल्यापासून त्याच्या डोळ्यांना झगझगीत उजेड सोसत नसे. भाच्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये म्हातारा तीनदा दिसतो, आणि तिन्ही वेळा नुसती पाठ.

आता सोमवारी उमरेडचा एक माणूस येऊन तो विकलेला हातमाग उचकटून नेणार होता. त्याआधी बाप मागावर बसलेला एकदा कॅमेऱ्यात यावा, तोंडासकट यावा, एवढंच जागेश्वरला पाहिजे होतं. त्याचं कारणही होतं. त्याच्या आईचा, वच्छलाबाईचा, जगात एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याची आई, आणि फोटो नाही! "पुढच्या रविवारी काढू ना वं माय" करता करता सहा वर्षांमागं ती चार दिवसांच्या तापात गेली. ही बोच त्याच्या मनातून काही जात नव्हती, आणि बापाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नव्हतं. कॅमेरा मात्र भागीदाराचा, मनोहररावचा. पाच वाजता तो कामठीच्या लग्नाला जायचा होता.

"बंद कर गा तो दिवा!" गुलाबचंद दुपट्ट्याआडून ओरडला. "डोळे फोडतं काय माहे?"

जागेश्वरच्या बायकोनं, कुसुमावतीनं, हॅलोजन विझवला. खोलीत लगेच अंधार झाला. कॅमेऱ्यातून पाहिलं तर बाप नाही नि माग नाही, नुसता काळा पडदा.

मग जागेश्वरला युक्ती सुचली. उजेड कपड्यातून गाळून घ्यायचा, म्हणजे नरम पडेल. बाजूला मागावरून कालच उतरवलेलं पांढरं धोतर पडलं होतं. ते त्यानं दोन बांबूंना ताणून हॅलोजनसमोर बांधलं आणि स्वतःवरच खूश झाला. उजेड खरंच मऊ आला. गुलाबचंदनं दुपट्टा थोडा खाली केला. आणि तेवढ्यात भाकर करपल्याचा वास सुटला. धोतराच्या मधोमध तपकिरी डाग पडला आणि बघता बघता तिथं भोक झालं.

"अरे बाप्पा!" म्हणत कुसुमनं बटण बंद केलं.

गुलाबचंद हसला आणि मग संतापला. "कोष्ट्याचा पोरगा ना तू? ताण्याले खळ लावली असते, हे इसरला काय? खळ धुतल्याबिगर कपडा दिव्यापाशी नेते काय कोणी?"

खळ म्हणजे पिठाची पेज. सूत तुटू नये म्हणून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना चोपडतात. लहानपणी हीच पेज सुताला चोपडून जागेश्वरचे हात पांढरे व्हायचे, आणि आज तीच तो विसरला होता. आधीच जीव टांगणीला लागलेला, त्यात घड्याळात साडेतीन. त्याचाही आवाज चढला.

"मंग काय करू, सांगा ना तुमीच! तुमाले उजेड चालत नाही, अन् कॅमेऱ्याले अंधार चालत नाही."

"उजेड माणसाच्या तोंडावर मारत असते काय? भितीवर मारावं, मंग तो गुमान येते. तुही माय दरसाल चुना काहून मारे गा त्या भितीले?"

 जागेश्वरला सगळं आठवलं. दसऱ्याच्या आधी आई अंबाडीची कुंची, म्हणजे चुना मारायचा कुंचला, भिजवायची, चुन्यात चिमूटभर नीळ घालायची आणि मागासमोरची ती एकच भिंत दोनदा पोतायची. बाकीचं घर पोतलं तर पोतलं. खिडकीतला उजेड त्या भिंतीवर पडायचा आणि तिथून ताण्यावर यायचा, तुटलेला धागा दुरूनच दिसायचा. त्या भिंतीला टेकायचं नाही, तिच्यावर खुंटी ठोकायची नाही, हात लावायचा नाही. एकदा चिखलाचा पंजा उमटवला म्हणून जागेश्वरनं आईच्या हातचा मार खाल्ला होता.

त्यानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. भिंत कुठं होती! तिथं त्याच्याच स्टुडिओचा जुना पडदा उभा होता. प्लायवूडवर रंगवलेला बगीचा, मधे जिना, बाजूला दोन हंस, आणि सगळीकडं हिरवागार काळोख. आई गेल्यावर महिनाभरातच त्यानं तो इथं बापाच्या घरी आणून टेकवला होता.

"बाबा," त्यानं विचारलं, "हा पडदा लावला तवापासून तुमाले धागा दिसत नव्हता?"

"बोटाले लागे ना. बोटानं जोडत होतो."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या दुकानात जागा नव्हती ना गा," गुलाबचंद म्हणाला, जसं काही यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

सहा वर्षं! बापाच्या डोळ्यांनाच दोष देत होते सगळे, जागेश्वर सगळ्यांत पुढं. त्याला फार लाज वाटली. त्यानं पडद्याचं एक टोक धरलं, कुसुमनं दुसरं, आणि दोघांनी तो बगीचा हंसांसकट अंगणात नेऊन टाकला.

मागं आईची भिंत होती. बाकीची खोली चुलीच्या धुरानं काळवंडली होती, पण तेवढा तुकडा पडद्याआड झाकून राहिला होता. जाळी झटकली तर चुना अजून निळसर पांढरा. खाली एका कोपऱ्यात कुंचीचे आडवे फटकारे दिसत होते. आई खाली बसून असेच फटकारे मारायची. जागेश्वरनं त्यावरून हात फिरवला, आणि या वेळी मारायला कोणी नव्हतं.

"कुसुम, दिवा भितीकडं फिरव."

हॅलोजन फिरला. भिंत उजळली आणि तिथून उजेड सावकाश खोलीभर आला, मागावर, ताण्यावर, म्हाताऱ्याच्या गालावर. शाळेतून घरी आल्यावर दिसायची तशीच खोली पुन्हा दिसायला लागली. गुलाबचंदनं आपणहून दुपट्टा काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि धोटा हातात घेतला. खट-खट, खट-खट. जागेश्वरनं वीस मिनिटं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. साडेचारला मनोहररावचा कॅमेरा परत केला आणि कॅसेट तेवढी खिशात ठेवली.

संध्याकाळी स्टुडिओत नवरा-बायको ती पाहायला बसले. चित्र थोडं मंद होतं, पण बाप पुरा होता. पापणी न मिचकवता, सुरकुत्यांसकट, बोटांवरच्या घट्ट्यांसकट. मधेच एका जागी धोटा थांबला होता. शूटिंग करताना जागेश्वरला वाटलं होतं, म्हातारा दम खातोय. आता आवाज वाढवला तर माइकमध्ये काहीतरी पुटपुटणं आलेलं. गुलाबचंद भिंतीकडं पाहून हळूच म्हणत होता, "वच्छला, दिसते वं आता धागा."

उभ्या जन्मात त्यानं बायकोला नावानं हाक मारलेली जागेश्वरनं ऐकली नव्हती. तिच्या हयातीत "जागोची माय", आणि ती गेल्यावर तेही नाही. कुसुमनं पदर डोळ्यांना लावला. जागेश्वरनं कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागं नेली, आणि लहान पोरासारखा रडला.

सोमवारी उमरेडचा माणूस आला आणि माग घेऊन गेला. खड्डा बुजवला. दसऱ्याच्या चार दिवस आधी जागेश्वर चुन्याची बादली घेऊन बापाच्या दारात उभा राहिला, तर गुलाबचंद अंगणात बसला होता आणि त्यानं कुंची आधीच भिजत घातली होती.