मुद्दाम हरणारे आजोबा

सुनेनं डबा भरता भरता फर्मान काढलं, "बाबा, आजपासून ठमीशी खरं खेळायचं. मुद्दाम हरायचं नाही."

आजोबा हबकले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या होत्या. ज्याच्या गळ्यावर वस्तरा धरायचा, त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. दुकान मुलाच्या हवाली करून घरी बसले, तेव्हा गिऱ्हाईक उरलं एकच, सात वर्षांची नात. शाळेतून आली की ठमी बुद्धिबळ मांडायची आणि आजोबा आपला वजीर गुपचूप तिच्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवायचे. पोरगी खूश, आजोबा त्याहून खूश.

घोटाळा झाला खालच्या मजल्यावर. तिथल्या जुळ्या बहिणींपैकी एकीनं ठमीला पाच मिनिटांत हरवलं. ठमीनं पट उधळला आणि वर तिच्या हाताला कडकडून चावली. तेव्हापासून तिला कुणी खेळायला बोलावेना. ती जिन्यात बसून त्यांच्या बंद दाराकडे बघत राहायची.

"तिला हरायची सवयच नाही," सून म्हणाली. "ती आता तुम्हीच लावायची."

त्या दुपारी आजोबांनी मन घट्ट करून नातीचा वजीर मारला. ठमीनं पटाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. अर्ध्या सोंगट्या कपाटाखाली गेल्या. 'घे बाई तुझा वजीर परत' हे आजोबांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"राग आलाय ना? येऊ दे. पाणी पिऊन ये," ते म्हणाले. "मग सोंगट्या शोधू आणि कुठं चुकलं ते बघू."

दुसऱ्या दिवशी रडणं निम्म्यावर आलं. चौथ्या दिवशी ती खेळीआधी स्वतःशीच पुटपुटायला लागली, "मी इथं गेले तर आजोबा काय करतील?" त्या दिवशीही हरलीच. ओठ थरथरले, पण उठून पाणी प्यायली आणि पुन्हा पट मांडायला बसली. तिला उचलून घ्यावंसं फार वाटलं आजोबांना.

शनिवारी ती आपणहून खाली गेली आणि चावल्याबद्दल माफी मागून आत शिरली. आजोबा तासभर जिन्यात कान देऊन उभे. ना आरडाओरडा, ना रडारड.

"दोनदा हरले, एकदा जिंकले," ठमी वर येऊन म्हणाली. "उद्या पुन्हा बोलावलंय."

आजोबांनी तिची पाठ थोपटली. तेवढ्यात ठमी विचारात पडली.

"आजोबा, आधी तुम्ही मुद्दाम हरायचात ना?"

"हो गं."

"मग ते जिंकणं धरायचं नाही. म्हणजे मी आयुष्यात एकदाच जिंकलेय."

आणि हे सांगताना ती इतकी खुशीत होती, की आजोबांना आपल्या लाडांची पहिल्यांदाच लाज वाटली.