पहिल्या रांगेतली खुर्ची

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला होता आणि आमच्या ओसरीवर त्याची बैठक गुरुवारपासून भरत होती. अंबाजोगाईत आमचा मुलगा राहतो, त्या कॉलनीतल्या बायकांनी मिळून कला महोत्सव ठरवला होता. महोत्सव म्हणजे काय, तर कॉलनीतलीच माणसं गाणार, नाचणार, नकला करणार आणि कॉलनीतलीच माणसं बघणार. दत्ताच्या देवळापुढं मांडव. एवढ्याशा गोष्टीला जायचं तर माणूस आंघोळ करतो, गाडीत बसतो आणि जातो. पण माझा नवरा नुसता माणूस नाही, तो घाटनांदूरचा माजी पुढारी आहे.

त्यांचं नाव अर्जुनराव. तोंडानं घेत नाही, मनातल्या मनात घेते. मनात वाटेल तसं घेता येतं.

बैठकीला दुसरा सभासद आदिनाथ. हा आमची गाडी चालवतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि दर वाक्याला ‘बरोबर हाय अण्णा’ म्हणतो. एवढ्या तीन कामांवर त्याचं बरं चाललंय.

“टाइम काय दिलाय?” अर्जुनरावांनी विचारलं.

“धा, अण्णा.”

“म्हंजी साडेअकरा. आपुन बाराला निघू.”

“बरोबर हाय अण्णा.”

“काय बरोबर हाय?” मी आतून बाहेर आले. “आपल्या नातीचं, संस्कृतीचं नाव यादीत दुसरंच हाय. ती सव्वाधाला उभी राहनार. नऊला निघायचं.”

“बघू,” अर्जुनराव म्हणाले.

हा त्यांचा ठरलेला शब्द. कुणी रस्त्याचा अर्ज घेऊन आला, कुणी पोराच्या नोकरीचं बोलायला आला, की चहा पाजायचा आणि बघू म्हणायचं. पूर्वी माणसं आशेनं घरी जायची. आता तीही चहापुरतीच येतात.

शुक्रवारी यशोधराबाईंचा फोन आला. महोत्सवाचं सगळं त्याच बघत होत्या. कॉलेजात शिकवतात. आमच्याच गावचे पोस्टमन शहादेव, त्यांची ही मुलगी. अर्जुनरावांनी स्पीकर लावला. आपल्याला कुणी अण्णा म्हणालं की ते घरात सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, असा त्यांचा नियम आहे.

“अण्णा, नातीचं ऐकायला नक्की या,” बाई म्हणाल्या. “पण धा म्हंजी धा. दिवा लावायचा न्हाई, भाषण न्हाई, सत्कार न्हाई. आलं की मोकळ्या खुर्चीवर बसायचं.”

“हो, हो. बघू,” म्हणून यांनी फोन ठेवला आणि हसले. “शहादेवची लेक आमाला टाइम सांगती! आन् सत्कार न्हाई म्हंजी काय? शाल आनायला कोनी भेटलं नसंल बिचारीला.”

मग त्यांनी जे केलं ते मी या घरात चाळीस वर्षं राहूनही अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. आमच्या घरात सत्काराच्या शाली इतक्या साठल्यात की मी त्यांच्या गोधड्या शिवल्या, तरी उरल्या. त्यातली एक कोरी शाल त्यांनी काढली, तिला इस्त्री करायला लावली, एक नारळ घेतला आणि दोन्ही पिशवीत घालून आदिनाथच्या हातात दिलं.

“हे त्या बाईला गुपचूप द्यायचं. म्हनावं, ऐन वेळेला लागलं तर असू द्या.”

स्वतःच्या सत्काराची शाल स्वतः घेऊन जाणारा पुढारी मी पहिल्यांदा बघितला. आणि तो माझ्याच नशिबात होता.

माझं म्हणाल तर मला त्या दिवसात एकच गोष्ट हवी होती. पहिल्या रांगेतली एक खुर्ची.

त्याचं असं आहे. माझी आई साखराबाई, कडा गावची. जात्यावर बसली की ओव्या देवाच्या कमी आणि गावातल्या फेटेवाल्यांच्या जास्त. एकेकाची अशी हजेरी घ्यायची की शेजारच्या बायका दळण नसताना दळायला यायच्या. त्या ओव्या मला तोंडपाठ. लग्न होऊन इथं आले, पहिल्याच महिन्यात गुणगुणले, तर सासूबाई म्हणाल्या, “पाटलाच्या सुना गात न्हाईत, विजयमाला.” मी गप्प बसले. गप्प बसून नुसतं बघायला शिकले. दहा वर्षांची संस्कृती उन्हाळ्याच्या सुट्टीत आली आणि पापड लाटता लाटता मी तिला एक ओवी म्हणून दाखवली. पोरगी हसून लोळली. सुट्टी संपेपर्यंत तिनं सगळ्या घेतल्या. त्यातली तिची आवडती ही:

पटका बांधता बांधता, दिस आला माथ्यावर,
जत्रा उठून गेली बाई, पाटील अजून ओट्यावर.

महोत्सवात ती या ओव्या म्हणणार होती. शनिवारी तिचा फोन आला.

“आज्जी, तू पैल्या रांगेत मधी बस. मी खुर्ची धरून ठेवते. मी तुझ्याकडंच बघून म्हननार. दुसरीकडं बघितलं की मला पुढचं आठवत न्हाई.”

“बसते की.”

“आन् हलायचं न्हाई. काई झालं तरी.”

“न्हाई हलत. देवळातल्या खांबावानी बसते,” मी शब्द दिला.

रविवारी मी आठलाच तयार होते. अर्जुनराव आरशापुढं होते. आदिनाथनं फेटा बांधला, यांनी सोडायला लावला. पुन्हा बांधला, तर तुरा डावीकडं गेला म्हणून पुन्हा सोडायला लावला. मला वाटलं, आई वरून बघत असेल तर तिला नवीन काही रचायची गरज नाही. शेवटी मी जाऊन गाडीत बसले आणि हॉर्नवर हात ठेवला. काढलाच नाही. शेजारची माणसं बाहेर आली, तेव्हा हे निघाले.

अंबाजोगाईत शिरलो तेव्हा दहाला थोडा वेळ होता. कॉलनी समोर दिसत होती, मांडवाचं रंगीत कापड दिसत होतं. तर यांनी गाडी चहाच्या हॉटेलपुढं थांबवली.

“आता काय?”

“विश्वंभरराव येनारेत,” अर्जुनराव म्हणाले. “त्यांचा नातू तबला वाजवतोय. ते आत गेल्यावर आपुन जायचं.”

विश्वंभरराव म्हणजे शेजारच्या गावचे माजी सभापती. आधी पोहोचतो तो लहान आणि वाट बघायला लावतो तो मोठा, असा या लोकांचा हिशोब असतो. आदिनाथनं फोन लावला. विश्वंभरराव कॉलनीच्या पलीकडच्या तोंडाला, पेट्रोल पंपावर गाडीत बसले होते. अर्जुनराव आत जायची वाट बघत.

“तुमचे अण्णा निघाले का?” तिकडून विचारणा.

“निघतेत. तुमचे सायेब?”

“निघतेत, निघतेत.”

आमचा एक चहा झाला. मग दुसरा झाला. दोन म्हातारे, दोघांना मधुमेह, दोघांकडं आज कसलंही पद नाही. आणि एका गल्लीच्या दोन तोंडांना फेटे बांधून, एकमेकांना मोठेपणा दाखवत बसलेत. मला त्यांचा राग येत नव्हता. राग माणसाचा येतो. मला किळस येत होती.

तेवढ्यात मांडवातला भोंगा वाजला. “नमस्कार. दहा वाजले. आपण सुरुवात करू या.”

आदिनाथच्या हातातला कप थांबला. “अण्णा, सुरू झालं की ओ!”

“माईक तपासत असतेल,” अर्जुनराव म्हणाले.

मग एक म्हातारा पण खणखणीत आवाज आला. यशोधराबाईंच्या सासूबाई सिंधुबाई भीमगीत गात होत्या. पहिलं नाव त्यांचं, दुसरं संस्कृतीचं. मी दार उघडून उतरले.

“अगं, कुठं? एकटीच चालत गेली तर लोक काय म्हनतेल?”

मी पदर खोचला आणि चालायला लागले. माझे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

पहिल्या रांगेत मधोमध एका खुर्चीवर संस्कृतीची पाण्याची बाटली ठेवलेली होती. मी बाटली मांडीवर घेऊन बसले तेव्हा सिंधुबाईंचं गाणं संपत होतं आणि माणसं टाळ्या वाजवत होती. माझ्या दोन्ही बाजूंना कॉलनीतले चार-सहा प्रतिष्ठित बसले होते. कुणी ठेकेदार, कुणी सोसायटीचा चेअरमन. टाळ्या वाजवतानाही त्यांच्या माना रस्त्याकडं. पांढरी गाडी दिसली की यांच्या माना वळतात आणि पाय आपोआप उभे राहतात. मालक आला की दावणीची जनावरं उठतात, त्यांना निदान वैरण तरी मिळते. यांना काय मिळतं? मला त्यांच्यात बसल्याची लाज वाटली.

संस्कृती आली. तिच्या आईचं, म्हणजे आमच्या सुनेचं, तेजश्रीचं नऊवारी लुगडं दुमडून नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू. तिनं मला शोधलं. मी सापडले. तिनं श्वास घेतला आणि पहिली ओवी म्हटली.

मांडव हसला. मागच्या बायकांनी “पुन्यांदा म्हन गं!” म्हणून ओरडा केला. तिनं पुन्हा म्हटली. दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. सगळा वेळ डोळे माझ्यावर. माझ्या आईचे शब्द, चाळीस वर्षं माझ्या दातांमागं दाबून ठेवलेले, भोंग्यातून सगळ्या कॉलनीवर जात होते आणि मी खांबासारखी बसले होते. रडू येत होतं तरी डोळ्याला हात लावला नाही. हलायचं नाही म्हणजे नाही.

मग तिची आवडती आली.

“पटका बांधता बांधता, दिस आला माथ्यावर...”

तेवढ्यात हॉर्न वाजले. एक नव्हे, दोन. तिकडून विश्वंभरराव आणि इकडून अर्जुनराव. शेवटी दोघांनी फोनवर तडजोड केली असावी, एकदमच आत जायचं. मांडवाच्या तोंडाशी दोन्ही गाड्या समोरासमोर अडकल्या. दारं उघडली, फेटे उतरले. आदिनाथ ओरडत पुढं, “अण्णा आले, अण्णा आले!” पहिली रांग उभी राहिली. ठेकेदार, चेअरमन, सगळे.

आणि माझ्या लक्षात आलं की मला यांचा फेटा सरळ समोर दिसतोय. बसलेल्या माणसाला तो तसा दिसत नाही. माझा पदर डोक्यावर आला होता. मांडीवरची बाटली खाली पडून घरंगळत गेली होती. मी उभी होते. आणि माझी पाठ स्टेजकडं होती.

मागं सगळं शांत झालं होतं. ओवीचा दुसरा अर्धा आला नाही.

“चालू द्या, चालू द्या,” अर्जुनराव हात वर करून म्हणाले. आदिनाथनं पळत जाऊन ती पिशवी यशोधराबाईंपुढं धरली. बाईंनी आत बघितलं, पिशवी टेबलाखाली सरकवली आणि माईक घेतला.

“मागं खुर्च्या मोकळ्या हायत. बसून घ्या. पोरगी गातीय.”

दोन्ही फेटे शेवटच्या रांगेत जाऊन बसले. एरवी हे बघून मी आठवडाभर हसले असते. मी खाली बसले. पुन्हा खांबासारखी बसले, संस्कृतीकडं बघितलं. तिनंही एकदा माझ्याकडं बघितलं. मग नजर उचलली आणि देवळामागच्या लिंबाच्या झाडाकडं लावली. अर्धी राहिलेली ओवी तिनं सोडून दिली. पुढच्या सगळ्या ओव्या त्या झाडाकडं बघून म्हटल्या. एक शब्द चुकला नाही.

कार्यक्रम संपल्यावर अर्जुनराव ऐटीत आले. “लई झ्याक गायलीस,” म्हणाले. ऐकलं होतं अर्धं. ती त्यांच्या पाया पडली, त्यांच्याबरोबर फोटोला उभी राहिली. तिचा त्यांच्यावर राग नव्हताच. मग ती माझ्याकडं आली. हातात ती बाटली होती, कुठून तरी शोधून आणलेली.

“आबाला बघून सगळे उभे राहतेत, ते मला म्हाईत होतं,” ती म्हणाली. “तू कशाला उभी राहिलीस?”

मी जन्मभर सगळ्यांना उत्तरं देत आले. निदान मनात तरी. हे मात्र तोंडानं दिलं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “पुढच्या साली पुन्यांदा म्हन. माझी खुर्ची धरशील न्हवं?”

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“बघू,” ती म्हणाली.